कापूस इथला, कापड कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रादेशिक असमतोल हा शब्द नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो आणि अधिवेशन संपले की महिन्याभरात मागे पडतो. आपल्या दैनिकात या विषयावर येणारा मजकूर मी आवर्जून वाचतो. कोणत्या विभागाला किती निधी मिळाला, किती वळवला गेला, किती अखर्चित राहिला याचा हिशेब त्यात असतो आणि तो हवाच. परंतु एखादा उद्योग एका गावी का रुजतो, दुसऱ्या गावातून का उठतो आणि आज राज्यातले काम प्रत्यक्षात कोणत्या तालुक्यात, कोणत्या शहरात चालते, याची पद्धतशीर पाहणी आपल्याकडे होत नाही, ही माझी तक्रार आहे. वर्धा जिल्ह्यात तीस वर्षे महाविद्यालयात आर्थिक भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे ती थोडी विस्ताराने मांडण्याची मुभा द्यावी, ही विनंती.

मी हिंगणघाटला राहतो. दिवाळी झाली की इथल्या बाजार समितीच्या आवाराबाहेर पहाटेपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागते. लिलाव होतो, काटा होतो आणि ज्या जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याने, बोली लावली तिच्या आवारात गाडी रिकामी होते. शंभर किलो कापूस जिनातून गेला की साधारण चौतीस किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. सरकी जवळपासच्या तेलगिरण्यांत जाते आणि तिची ढेप याच भागातल्या गुरांच्या गव्हाणीत पडते. रुई मात्र प्रेसमध्ये दाबून एकशे सत्तर किलोच्या गाठींत बांधली जाते, गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक पडतो आणि ट्रक भरला की ती गाव सोडते. ती कुठे चालली, हे मी हमालांना, दिवाणजींना आणि ट्रकचालकांना कित्येक हंगाम विचारत आलो आहे. कधी गुजरातचे नाव येते, कधी तमिळनाडूचे, कधी बंदराचे. त्याच दिवशी संध्याकाळी मुख्य रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात जाऊन ठाणांच्या काठावरचे शिक्के वाचावेत, तर त्यांत आमच्या गावाचे नाव मला सापडत नाही. ज्या गावाच्या नावाने एके काळी कापसाची एक जात देशाबाहेरच्या बाजारातही ओळखली जात होती, त्या गावाची ही स्थिती आहे.

असे का व्हावे, याचे एक उत्तर आमच्या विषयात फार जुने आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थानाचा विचार करताना वजनावर बोट ठेवले. ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत मोठ्या प्रमाणात घटते, त्याचा कारखाना मालाजवळ राहतो, कारण फेकून द्यायचे किंवा बाजूला काढायचे वजन लांबवर वाहून नेणे कुणालाच परवडत नाही. ज्या मालाचे वजन फारसे घटत नाही, त्याचा कारखाना कुठेही जाऊ शकतो. कापसाची रुई होताना वजन एक तृतीयांशावर येते, म्हणून जिनिंग शेताजवळ राहिले. रुईचे सूत आणि सुताचे कापड होताना वजनात त्या मानाने थोडीच घट होते, म्हणून सूतगिरणीला आणि मागाला शेताजवळ राहण्याचे बंधन उरले नाही. आमच्या वाट्याला साखळीतली पहिली कडी आली आणि ती हंगामी आहे. उन्हाळ्यात जिनिंगच्या आवारात फक्त रखवालदार असतो.

उसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते आणि तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे साखर कारखान्याला ऊस सोडून जाता येत नाही; ज्या तालुक्यात ऊस, त्याच तालुक्यात बॉयलर, त्याच तालुक्यात फिटर, केमिस्ट, लेखनिक, वजनकाटा आणि बँकेची शाखा. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या हंगामात तो सुरू झाला आणि त्याच्याभोवती पुढे शाळा, तंत्रशिक्षण, दवाखाने आले. हे सारे केवळ वजनाच्या घटीमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. धरणे झाली, कालवे आले, सरकारने भागभांडवल दिले, सहकारातून नेतृत्व घडले आणि त्या नेतृत्वाने पुन्हा धरणे आणि कालवे आपल्या भागात नेले. परंतु मुळात कारखाना जागेशी बांधलेला होता म्हणून त्यातून निर्माण झालेला पैसा आणि कौशल्य तालुक्यात मुरले, हे विसरून पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ यांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. आमच्या शेतकऱ्यात जिद्द कमी आहे, हे वाक्य मी सभांतून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास झाला आहे.

विदर्भात कापड कधी झालेच नाही, असेही नाही. जमशेटजी टाटांनी आपली गिरणी मुंबईत काढण्याऐवजी नागपुरात काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा जवळ, जमीन स्वस्त आणि रेल्वे दहा वर्षांपूर्वीच नागपुरात पोचलेली, असा त्यांचा हिशेब होता आणि तो अनेक दशके बरोबर ठरला. पुढे पुलगाव, बडनेरा, अचलपूर, हिंगणघाट अशा गावांत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. मग गिरणी कोळशाऐवजी विजेवर चालू लागली आणि कोळशाजवळ असण्याचे महत्त्व ओसरले. आज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राख आणि धूर चंद्रपूरला राहतो, आणि वीज तारेवरून राज्यभर जाते. कोळसा पूर्वी कारखान्याला आपल्याजवळ ओढत असे, तारेवरून जाणारी वीज तसे करत नाही. हे तंत्रातले साधे स्थित्यंतर आहे, पण त्याने कोणत्या गावाचे काय केले, याचा गाववार इतिहास लिहिला गेलेला नाही.

आता कोल्हापूर जिल्ह्यातले इचलकरंजी पाहा. तिथे ना कापूस, ना कोळसा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे यंत्रमाग आणला आणि संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे यांनी त्याला आश्रय दिला, एवढीच सुरुवात. तिथे स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याकडे मी काही वर्षांपूर्वी चार दिवस राहिलो होतो. त्याच्या घरामागच्या शेडमध्ये माग होते. एका सकाळी एका मागाचा एक भाग तुटला. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, आला, त्याने तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला, सायकलवर टाकला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या टर्नरकडे गेला. चहा होईपर्यंत माग पुन्हा खडखडू लागला. त्याच रस्त्यावर सुताला खळ लावणारे सायझिंग होते, सूत गुंडाळलेले मोठे रूळ, म्हणजे बीम, वाहणारे टेम्पो उभे होते, सुताच्या व्यापाऱ्याची पेढी होती, आणि ज्याच्याकडे स्वतःचे भांडवल नाही तो दुसऱ्याच्या सुतावर खर्चीने, म्हणजे मजुरी घेऊन, माग चालवत होता. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये इंग्लंडातल्या कारखानी गावांबद्दल लिहिले की तिथे धंद्याची गुपिते जणू हवेतच असतात आणि मुले ती नकळत शिकतात. इचलकरंजीत मला ते डोळ्यांनी दिसले. विद्यार्थ्याची आठवी-नववीतली मुलगी नुसत्या आवाजावरून कोणता माग थांबला ते सांगत होती.

हा माग उद्या कुणी अनुदान देऊन हिंगणघाटला बसवला तर तो चालेल का? तुटलेला भाग दुरुस्त करायला नागपूर गाठावे लागेल, सायझिंगसाठी बीम ट्रकने पाठवावे लागेल, जॉबर मिळाला तर तो वर्षभरात इचलकरंजीला किंवा भिवंडीला परत जाईल. अनुदानाची मुदत संपली की शेडला कुलूप लागेल. उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे आणि तिच्यात तालुक्यांची वर्गवारी करून मागास तालुक्याला अधिक सवलत दिली जाते. परंतु वर्गवारी तालुक्याच्या मागासपणाची होते, त्या तालुक्यात कोणत्या धंद्याची कोणती कडी आधीच आहे आणि कोणती नाही, याची होत नाही. जिथे आजूबाजूच्या कड्याही उभ्या राहिल्या, तिथे हीच पद्धत फळाला आलेली दिसते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ मध्ये दुचाकींचा मोठा कारखाना आला, त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार त्याच्याभोवती जमले आणि आज त्यांतले कित्येक जण इतर कारखान्यांनाही माल देतात. आमच्याकडेही अशी एक कडी आहे, जिची दखल फारशी कुणी घेत नाही: जिनिंगची यंत्रे नागपुरात बनतात आणि आफ्रिकेतल्या देशांतही जातात. शंभर वर्षांहून अधिक काळ कापूस हाताळणाऱ्या प्रदेशात मुरलेल्या कौशल्याचे हे फळ आहे. असे मुरलेले कौशल्य आणखी कुठे, किती आहे, याची यादी शासनाकडे असायला हवी.

मोजणीचा प्रश्न इथेच येतो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हा हा घटक धरून राज्याच्या सरासरीच्या तुलनेत प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते दाखवले आणि अनुशेषाची, म्हणजे भरून काढायच्या तुटीची, रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढली. त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे.  परंतु मोजल्या गेल्या त्या प्रामुख्याने सरकारने पुरवायच्या गोष्टी: रस्ते, सिंचन, वीजजोडण्या, शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी. पुढे १९९४ मध्ये विभागवार वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये याच असमतोलावर विजय केळकर समितीचा अहवाल आला, २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली, आणि एवढ्या सगळ्या काळात आपली चर्चा निधीच्या वाटपाभोवतीच फिरत राहिली. रस्ता आणि दवाखाना हा नागरिकाचा हक्क आहे, त्यात तडजोड नको. पण रस्ता झाला म्हणून त्या रस्त्यावर कामधंदा येतोच असे नाही, आणि त्याची नोंद ठेवणारी मोजणी वेगळी असते.

ती मोजणी म्हणजे आर्थिक गणना. प्रत्येक दुकान, कारखाना, कार्यशाळा, घरगुती उद्योग यांची जागच्या जागी नोंद घेणारी ही गणना देशात १९७७ मध्ये प्रथम झाली. सहावी गणना २०१३-१४ मध्ये झाली. तिच्यात देशभर सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी माणसे नोंदली गेली. सातव्या गणनेचे काम २०१९ मध्ये सुरू झाले, गणक दारोदार फिरले, माझ्याही घरी येऊन गेले. पण तिचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवण्यात आले नाहीत. म्हणजे वस्तू व सेवा कर येण्यापूर्वीचे, करोनापूर्वीचे, समृद्धी महामार्गापूर्वीचे चित्र हेच आपल्याजवळचे आस्थापनांचे शेवटचे संपूर्ण चित्र आहे. कारखान्यांची जी वार्षिक पाहणी होते, तिच्या खुल्या आकडेवारीतूनही जिल्ह्याची खूण दशकाहून अधिक काळापूर्वी काढून टाकण्यात आली, त्यामुळे अभ्यासकाला राज्य कळते, जिल्हा कळत नाही. यातले एक पाऊल मात्र मनापासून स्वागत करण्याजोगे आहे: जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला आहे.

जिल्हानिहाय उत्पन्नाचे जे आकडे राज्याच्या आर्थिक पाहणीत छापले जातात आणि ज्यांवरून आपण जिल्ह्यांना पुढारलेले किंवा मागास म्हणतो, त्यांबद्दलही वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेतीचे उत्पादन बऱ्याच अंशी जिल्ह्यात मोजता येते. परंतु इतर अनेक क्षेत्रांत राज्याचा आकडा आधी काढला जातो आणि मग कामगारांच्या संख्येसारख्या निर्देशकांच्या प्रमाणात तो जिल्ह्यांना वाटून दिला जातो. निर्देशक जुना असेल तर वाटणीही जुनीच राहते. एखाद्या तालुक्यात दहा वर्षांत गोदामे उभी राहिली किंवा एखाद्या गावातली गिरणी बंद पडली, तरी त्याचे प्रतिबिंब या आकड्यांत उशिरा पडते किंवा पडतच नाही.

शिवाय माणूस राहतो एका जिल्ह्यात आणि काम करतो दुसऱ्या जिल्ह्यात. बीड जिल्ह्यातले जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीचा कोयता चालवते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. त्यांचे घर बीडच्या आकड्यांत आहे, त्यांच्या श्रमाची साखर दुसऱ्या जिल्ह्याच्या आकड्यांत आहे, आणि त्यांच्या मुलांची बुडालेली शाळा कोणत्याच आर्थिक कोष्टकात नाही. असेच रोज कसाऱ्याहून मुंबईला जाणाऱ्यांचे आहे, आणि आमच्या गावातून पहाटेच्या गाडीने नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या मुलांचेही आहे. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते, ही चांगली सुरुवात होती. पण ते ठिकाण कोणते, हे विचारले नव्हते. मूळ गाव आणि कामाचे गाव अशी जोडी मिळाली तर कोणते शहर किती दूरवरच्या गावांवर जगते आणि कोणती गावे कोणत्या शहरावर जगतात, हे नकाशावर काढता येईल. जिल्ह्याच्या सीमा त्या नकाशावर बहुधा निरर्थक ठरतील. जुन्या राजवटींच्या महसुली सोयीने आखलेल्या रेषा आजच्या कामधंद्याला लागू पडाव्यात, अशी अपेक्षा तरी का धरावी?

समृद्धी महामार्गाबद्दल थोडे लिहितो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रस्ता जलद झाला की मागास भागात उद्योग येतील, असे गृहीत धरले जाते. अनुभव दोन्ही प्रकारचा आहे. वाहतूक स्वस्त झाली की लहान गावातला उत्पादक मोठ्या बाजारात पोचतो, हे खरे. पण मोठ्या शहरातला उत्पादकही त्याच रस्त्याने लहान गावात पोचतो आणि तिथल्या लहान कारखान्याचा माल महाग ठरतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये हे गणिताने मांडले आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. आमच्या गावातल्या बेकरीवाल्याने मला तेच शब्दांत सांगितले होते. कोणत्या तालुक्यात कोणता परिणाम होतो आहे, हे आताच मोजायला हवे. रस्ता खुला होण्यापूर्वी महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या प्रत्येक ठिकाणाजवळच्या तालुक्यांत आस्थापनांची मोजणी करून ठेवली असती, तर पाच वर्षांनी तुलना करता आली असती. ती संधी गेली. निदान आजची स्थिती तरी नोंदवून ठेवावी.

यासाठी फार मोठा खर्च लागेल, असे मला वाटत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३० च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती घरोघर माणसे पाठवून आणि हाताने कोष्टके भरून. १९५० च्या दशकात तिची फेरपाहणीही झाली आणि त्यामुळे पुण्यात मधल्या काळात कामधंदे कसे बदलले, हे आज सांगता येते. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच होते. पाहणी करणे आणि उभारणी करणे ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते. आज जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालय आहे. भूगोल, अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखांच्या मुलांना दरवर्षी प्रकल्प करावाच लागतो आणि बहुतेकदा ती तो जुन्या प्रकल्पांवरून उतरवून देतात. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण असे प्रकल्प मीही तपासले आहेत. त्याऐवजी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने एक समान नमुना द्यावा, आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या गावातली प्रत्येक आस्थापना नोंदवावी: धंदा कोणता, माणसे किती, हंगामी की बारमाही, कच्चा माल कोणत्या गावाहून येतो, तयार माल कोणत्या गावी जातो, यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कुठे जावे लागते. या शेवटच्या प्रश्नावर मी विशेष भर देईन. इचलकरंजी आणि हिंगणघाट यांच्यातले अंतर त्याच एका उत्तरात सापडेल.

सातव्या आर्थिक गणनेत गोळा केलेली महाराष्ट्राची आकडेवारी, तिच्यातल्या उणिवांसह, तालुकानिहाय खुली करावी, अशी मागणी मी आपल्या दैनिकामार्फत राज्य आणि केंद्र शासनाकडे करतो. २०२७ च्या जनगणनेत किंवा तिच्या पाठोपाठ राज्याच्या स्वतंत्र पाहणीत कामाचे ठिकाण तालुक्याच्या नावासह विचारले जावे, अशीही विनंती आहे. मध्यंतरी तालुक्यातल्या आस्थापनांची यादी मागण्यासाठी मी एका शासकीय कार्यालयात गेलो होतो. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने अतिशय आदराने मला बसवले, पाणी दिले आणि कपाटातून जी फाईल काढून दिली, तिच्यात आमच्या गावातल्या दोन कापड गिरण्या अजून चालू होत्या.

माझे काही माजी विद्यार्थी आता वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत शिकवतात. नमुना मिळाला तर येत्या कापूस हंगामात, जिनिंग चालू असतानाच, ते आपापल्या गावांत ही मोजणी करायला तयार आहेत. हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारापासून रेल्वे स्थानकापर्यंतचा रस्ता मी स्वतः मोजीन.

आपला,
आर्थिक भूगोलाचा एक निवृत्त प्राध्यापक
हिंगणघाट, जि. वर्धा